बोलण्यापूर्वी ऐकावे

इंदूरहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे, "माझा मुलगा मित्रांबरोबर डोंगर चढावयास जातो. तेथे मोबाइल फोन लागत नाही. बाजारात वॉकी-टॉकी मिळते, ती त्यास घेऊन द्यावी काय? आणि रिपीटर म्हणतात तो काय प्रकार आहे?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरात यंत्रापेक्षा माणसाच्या शिस्तीचा भाग मोठा आहे. म्हणून ह्या वेळचे सदर त्या उत्तरासाठीच योजिले आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. आपल्या देशात बोलता रेडिओ कोणीही, कसाही वापरू शकत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यातील अल्प शक्तीच्या संचांस २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे; मात्र तो संच शासनमान्य नमुन्याचा असला पाहिजे. अन्य लहरींवर बोलणारे संच दुकानात वा घरबसल्या मागविता आले, तरी ते परवान्यावाचून वापरणे गुन्हा ठरते. अशा विक्रीस आळा बसावा म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. तेव्हा संच घेताना त्याची लहर कोणती व त्यास मान्यता आहे काय, हे दोन प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावेत.

दुसरा मार्ग हौशी रेडिओचा. ह्यासाठी केंद्र शासनाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसही ती देता येते. उत्तीर्ण झालेल्यास परवाना व स्वतःचे संकेतनाम मिळते. ते बहुधा 'व्हीयू-२' किंवा 'व्हीयू-३' ह्या अक्षरांनी आरंभ होते. रिपीटर ज्यास म्हणतात, ती सोय ह्या परवानाधारकांसाठी असते.

आता हा रिपीटर काय करतो ते पाहू. हातातल्या संचाच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात. डोंगर नसला तरी पृथ्वीची गोलाई त्यांस अडवितेच. त्यांचा पल्ला काढण्याची एक ढोबळ रीत आहे. एरियल जमिनीपासून जितके मीटर उंच असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढून त्यास चाराने गुणावे. येईल ते उत्तर किलोमीटरमध्ये घ्यावे. उभ्या माणसाच्या तोंडाशी धरलेला संच दीड मीटर उंचीवर असतो, त्याचा पल्ला सुमारे पाच किलोमीटर येतो. दोन्ही बाजूंचे पल्ले मिळवून, दोन माणसांत सपाट उघड्या मैदानावर जास्तीत जास्त दहा किलोमीटर. झाडी, घरे व दऱ्या आल्या की प्रत्यक्षात एकदोन किलोमीटरवरच आवाज तुटू लागतो. वेष्टनावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांवर विसंबून कोणी मुलांस रानात धाडू नये.

परंतु तोच एरियल सभोवतालच्या सपाटीपासून चारशे मीटर उंच असलेल्या टेकडीवर असेल, तर चारशेचे वर्गमूळ वीस व त्याची चौपट ऐंशी. म्हणजे टेकडी दिसते तेथवरचा सारा मुलूख त्याच्या कवेत आला! रिपीटर हा अशा उंचीवर बसविलेला निरोप्या होय. तो एका लहरीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर, अधिक शक्तीने, पुन्हा बोलतो. समजा तो १४५.६५० मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर साधारणतः त्याहून ०.६ मेगाहर्ट्झ खाली, म्हणजे १४५.०५० वर, तो ऐकत असतो. आपल्या संचात हे अंतर भरून ठेवावे लागते. पुष्कळ रिपीटर आपल्या आवाजाखाली एक मंद सूरही मागतात. तो सूर संचात भरला नसेल, तर कितीही ओरडले तरी रिपीटर जागा होत नाही. 'मला ऐकू येते, पण माझे कोणास ऐकू जात नाही,' अशी नवशिक्यांची तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा ह्या दोहोंतच सापडते.

रिपीटरवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. गावाच्या एकुलत्या एका पाणवठ्यासारखे ते आहे. कोणी बटण दाबून बसला तर बाकीच्यांनी ताटकळत राहावे. म्हणून बहुतेक रिपीटरांत एक घड्याळ बसविलेले असते. कोणी सलग तीनेक मिनिटे बोलत राहिला की रिपीटर आपोआप गप्प होतो व बोलणाऱ्याने बटण सोडीपर्यंत गप्पच राहतो.

ह्या घड्याळाचा अर्थ मला पुस्तकात कळला होता. पण तो अंगी बाणला तो एका पावसाळी संध्याकाळी. सह्याद्रीतील एक गड उतरून आम्ही चौघे जीपमधून परतत होतो. संच माझ्या मांडीशी, पिशवीच्या खाली दबला होता आणि त्याचे बोलण्याचे बटण आत गेलेले मला समजलेच नाही. गाडीचा घरघराट, आमची गाणी, थट्टामस्करी हे सारे रिपीटरवरून तीन मिनिटे दूरवर गेले. आणि मग रिपीटर मुका झाला. त्याच वेळी गडाच्या पलीकडच्या दरीत एका विद्यार्थ्याचा पाय मोडला होता. त्याच्या सोबत्यांपैकी एकाजवळ परवाना होता, संचही होता. पण दरीतून बाहेर बोलावयास रिपीटरखेरीज वाट नव्हती. तो हाका मारीत होता, आणि जो संच बोलत असतो त्यास ऐकू येत नाही, म्हणून माझ्यापर्यंत एकही हाक पोचली नाही. अर्ध्या तासाने आम्ही चहासाठी उतरलो, पिशवी उचलली आणि संचातून आवाज आला, "कोणी आहे काय? कोणी आहे काय?" मी निरोप घेतला, खालच्या गावात कळविले, गावकऱ्यांनी डोली नेऊन त्या मुलास रात्री खाली आणले. तो बरा झाला. पावसात भिजत गेलेला तो अर्धा तास मात्र त्याला परत देता आला नाही, आणि तो माझ्या हातून गेला होता. तेव्हापासून प्रवासात मी संच खांद्याच्या पट्ट्याला, डोळ्यांसमोर लावतो व बटणावर कुलूप ठेवतो. बोलणे सुरू असल्याचा तांबडा दिवा आपण बोलत नसताना दिसला, तर काही तरी चुकले आहे असे समजावे.

ह्या अनुभवातून व जाणत्यांच्या सहवासातून शिकलेल्या काही गोष्टी येथे देतो.

चॅनेलवर येताच अर्धा मिनिट नुसते ऐकावे. कोणी बोलत असेल तर त्याचे पुरे होऊ द्यावे. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मग बोलावे, नाही तर पहिला शब्द कापला जातो. आणि नेमके त्यातच नाव असते. समोरच्याचे बोलणे संपले की लगेच तोंड उघडू नये. दोन क्षणांची फट ठेवावी, म्हणजे रिपीटरचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि कोणास तातडीचे सांगावयाचे असेल तर त्यास शिरावयास वाव मिळतो.

संच तोंडापासून चार बोटे दूर, किंचित तिरका धरावा. ओरडू नये; ओरडल्याने आवाज फाटतो, पल्ला वाढत नाही. एरियल उभा ठेवावा. तो आडवा झाला की आवाज क्षीण होतो. आवाज तुटत असेल तर चार पावले सरकून पाहावे. एवढ्याने पुष्कळदा काम होते. समोरचा माणूस रिपीटरविना थेट ऐकू येत असेल, तर दोघांनी थेट चॅनेलवर जावे आणि रिपीटर दुसऱ्यांसाठी मोकळा करावा.

आकड्यांविषयी आपल्या भाषेत विशेष जपावे लागते. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे खरखरीत आवाजात सारखेच ऐकू येतात. आणि ऐकणारा परप्रांतीय असेल तर गोंधळ दुणावतो. म्हणून आकडा सुटा सुटा सांगावा, 'पाच, नऊ'. गावाचे अपरिचित नाव अक्षरशः फोडून सांगावे, 'कमळातला क, गणपतीतला ग'. संकटाचा निरोप आधी कागदावर लिहावा. कोण, कोठे, काय झाले, किती माणसे, कोणती मदत हवी, ह्या पाच गोष्टी त्यात असाव्यात. ऐकणाऱ्याने तो निरोप परत वाचून दाखवावा.

बोलताना बॅटरी ऐकण्याच्या अनेक पटींनी खर्च होते. यास्तव निघण्यापूर्वीच वेळ ठरवावी, उदाहरणार्थ प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे. एरवी संच बंद. त्याबरोबरच एक थेट चॅनेलही ठरवून ठेवावा, कारण रिपीटरही यंत्रच आहे. वीज गेली वा त्यावर झाड कोसळले, तर तोही मुका होतो.

ह्या छंदाचा उपयोग किती, हे सांगावयास एक उदाहरण पुरे. डिसेंबर २००४ मध्ये श्रीमती भारती प्रसाद ह्या हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे होत्या. २६ तारखेस त्सुनामी आली, नेहमीचे संपर्क तुटले. तेव्हा त्यांनी आपल्या लघुलहरींच्या संचावरून मुख्य भूमीशी संपर्क साधला आणि बेटांवरील माणसांची ख्यालीखुशाली त्यांच्या आप्तांपर्यंत पोचविली. तेथे रिपीटर नव्हता, उसना घेतलेला डोंगरमाथाही नव्हता. यंत्र हाताशी होते आणि ते चालविणारे हात सरावलेले होते.

तेव्हा इंदूरच्या भगिनींस आमचे सांगणे असे : मुलास मान्यताप्राप्त संचांची जोडी अवश्य घेऊन द्यावी. चालणाऱ्यांच्या तांड्यात पुढचा व मागचा ह्यांच्यात एक एक संच असला, की चुकामूक टळते. पण डोंगरावर नेण्यापूर्वी महिनाभर, दर रविवारी संध्याकाळी, एक संच गच्चीवर व दुसरा गल्लीच्या टोकाला नेऊन दहा मिनिटे घरच्यांनीच बोलून पाहावे. कोठे आवाज तुटतो, बॅटरी किती पुरते, कोणाचे वाक्य लांबते, हे तेथेच कळेल. पुढे गोडी लागली तर त्याने परीक्षेस बसावे, आणि जमल्यास आईनेही त्याच्याबरोबर बसावे. तो डोंगरात असताना घरी ऐकणारे कोणी असेल, तर त्याची हाक वाया जाणार नाही.