चेंडू ज्याचा, तो कप्तान



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गट ऑफिसात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. "साहेब, तोड देताय, का वरून फोन आणू?" ऊस विकास खात्यात आमची वीस वर्षे गेली. लागण नोंदी, बेणे, माती परीक्षण हे आमचे विषय. पुढारीपणावर लिहायचा अधिकार ह्यांना कुणी दिला, असे कोणी म्हणेल. पण तो फोन वाजतो आमच्याच टेबलावर, म्हणून चार ओळी लिहितो.

लहानपणी आमच्या आळीत रबरी चेंडू एकाच पोराकडे होता. साहजिकच कप्तान तो. आऊट झाला तरी आऊट नसायचा. आईने हाक मारली की चेंडू खिशात घालून घरी जायचा आणि आमचा डाव तिथेच मोडायचा. ह्यात काही गैर आहे असे आम्हांला कधी वाटलेच नाही. चेंडू ज्याचा, तो कप्तान. पुढे चौथीत गुरुजींनी एकाला मॉनिटर केले. गुरुजी बाहेर गेले की तो दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही, आणि स्वतःच्या दोस्तांची गाळी. तेव्हा मात्र पहिल्यांदा पोटात कुठेतरी टोचले. चेंडूवाल्याचा राग आला नव्हता, ह्याचा आला.

असे का, ते पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या घरी शिक्षकी पेशा आहे, त्यामुळे डी.एड.ची पुस्तके घरात पडलेली असतात. त्यांत झां पियाजे ह्या स्विस अभ्यासकाची माहिती आहे. हा गृहस्थ पोरांबरोबर गोट्या खेळायला बसला, आणि नियम कुणी केले, ते बदलता येतील का, असे पोरांनाच विचारत राहिला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९३२ साली निघाले. त्याला असे दिसले की लहान पोरांना नियम थोरांकडून आलेला वाटतो, त्याला हात लावायचा नाही. दहा-बारा वर्षांची झाली की पोरे म्हणू लागतात, नियम आपणच ठरवलेला आहे, सगळ्यांनी मान्य केले तर बदलू, पण तोवर तो सगळ्यांना सारखा. (गोट्या आम्हीही खूप खेळलो, पण एवढा विचार कधी केला नाही.)

म्हणजे बाराव्या वर्षी पोराला जे कळते, ते पन्नाशीत आपण विसरतो काय? आमचे मत विचाराल तर विसरतो. विशीत आपला पुढारी म्हणजे जोरात बोलणारा, आपल्या भावकीतला, जीपमधून उतरून खांद्यावर हात ठेवणारा. ते वयच तसे असते, चालायचेच. पण पुढे संसार झाला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आले, तरी पुढाऱ्याची परीक्षा एकच राहते. त्याने माझा ऊस नंबर सोडून तोडून दिला का?

आता हे नंबर सोडून तोडणे म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातले आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण आधी पक्व होते, त्यामागून पूर्वहंगामी, मग सुरू. लागणीची तारीख आणि ब्रिक्स पाहून कार्यक्रम लावलेला असतो. मधेच वशिल्याचा दहा महिन्यांचा कोवळा ऊस गव्हाणीत पडला की साखर उतारा खाली येतो. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे, तेव्हा ती घट तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या बिलातून जाते. तिकडे ज्याची पाळी होती त्याच्या आडसालीला तुरा येऊन जातो, पांगशा फुटतात, ऊस आतून दशी पडतो आणि वजन घटते. त्या माणसाला फोन करायला कोणी नसते.

पूर्वी आम्ही दुसऱ्या एका कारखान्याकडे होतो. तिथल्या एका संचालकांचा आडसाली ऊस पाळीप्रमाणे फेब्रुवारीत तुटायचा होता. टोळी त्यांच्या बांधावरून रोज जायची. आम्हीच एकदा म्हणालो, "आबा, दोन दिवसांत उरकून टाकू का?" ते म्हणाले, "माझा आधी तोडला तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू?" ऊस पाळीवरच तुटला. चावडीवर लोक हसले. स्वतःचा ऊस तोडून घेता येत नाही, हा आपलं काय काम करणार! पुढच्या निवडणुकीत आबा पडले. आम्ही नोकरदार माणूस, तेव्हा बोललो नाही. ते आजही मनाला लागून आहे.

सहकारात एका सभासदाला एकच मत, मग शेअर एक असो की दहा. चेंडू कुणा एकाचा नाही अशी ही व्यवस्था आपल्याच वाडवडिलांनी केली. १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी गावोगाव पायपीट करून भागभांडवल जमवले विठ्ठलराव विखे पाटलांनी. पण पहिले चेअरमन झाले पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. फारसे न शिकलेल्या त्या शेतकऱ्यांना एवढी समज होती की खुर्चीवर हिशेब जाणणारा माणूस हवा, आणि तो आपल्या गावचा नसला तरी चालेल. आज वार्षिक सभेत आपल्यापैकी किती जण अहवालातला ताळेबंद उघडून पाहतात? अहवाल डोक्यावर धरून मांडवातून बाहेर पडणारे आम्ही पुष्कळ पाहिले. ऊन असते, खरे आहे.

कोणी म्हणेल, वशिला नाही लावला तर गरिबाचा ऊस उभाच राहतो. ही तक्रार खोटी नाही, आणि तिच्यात आमच्या खात्याचाही दोष आहे. यादी आमच्या कपाटात बंद, मग माणूस फोन करणारच. म्हणून यंदा आमच्या गटापुरती तोडणीची यादी लागण तारखेप्रमाणे ऑफिसच्या बाहेर फलकावर लावत आहोत. दर सोमवारी किती नंबरपर्यंत तोड झाली ते खडूने लिहू. कुणाचा नंबर मागेपुढे झालेला दिसला तर सरळ आत येऊन विचारावे, फोन आणू नये. आमच्या थोरल्या भावाचा ऊस ह्याच गटात आहे. त्याचा नंबर एकशे बेचाळीस.