जुनी इमेज जाण्याआधी

धाराशिव, तुळजापूर, उमरग्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा कोड लिहिणाऱ्या पोरापोरींनो, ही विनंती तुम्हाला आहे. पतसंस्थेचं, कृषी सेवा केंद्राचं सॉफ्टवेअर एकट्याच्या जिवावर सांभाळणाऱ्यांना तर आहेच. तुमच्या गिटहब वर्कफ्लोची फाइल उघडा आणि ‘रन्स-ऑन’ची ओळ वाचा.

तिथं ‘उबुंटू-२०.०४’ असेल तर ते घर केव्हाच पाडलंय. गिटहबने ही इमेज १५ एप्रिल २०२५ ला बंद केली. त्याआधी काही आठवडे ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत तिच्यावरची बिल्ड मुद्दाम पाडली जात होती, लोकांना जाग यावी म्हणून. आपल्यातले बरेच जण अशा वेळी ‘री-रन’ दाबतात, हिरवी खूण दिसली की विसरतात. असं करू नका. मधूनच पडणारी आणि मधूनच चालणारी बिल्ड दिसली की आधी सूचना वाचा.

‘आमच्याकडे लेटेस्ट लिहिलंय, आम्हाला काय धोका?’ असं म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाव तेच राहिलं, गाड्यांवर एमएच-२५ तेच राहिलं. ‘लेटेस्ट’चं नेमकं उलटं आहे. पाटी तीच राहते, आतलं घर बदलतं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात ‘उबुंटू-लेटेस्ट’ २२.०४ वरून २४.०४ वर गेलं.

त्यात मी स्वतः सापडलो. भूम भागातल्या एका खवा भट्टीचा दूध-हिशेब माझ्याकडे होता. बिल्ड हिरवी आली, प्रोग्राम पाठवला आणि निवांत झोपलो. सकाळी भट्टीवर कॅन येऊन उभे, आणि प्रोग्राम उघडेना. पडद्यावर एकच ओळ: ‘ग्लिबसी २.३८’ सापडत नाही. तिथला सर्व्हर २२.०४ चा, त्यात ग्लिबसी २.३५, बिल्ड झाली होती २४.०४ वर, जिथं २.३९ आहे. नव्यावर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर चालेलच असं नाही. त्या दिवशी मालकांनी वहीत पेन्सिलीने लिटर मांडले. चूक माझी होती.

म्हणून सांगतो, इमेजचं नाव आकड्यासकट लिहा, आणि ग्राहकाचा सर्व्हर कुठल्या आवृत्तीचा आहे ते त्याच फाइलमध्ये टिपून ठेवा. पायथन, नोड, डेटाबेस यांच्या आवृत्त्याही स्वतः मांडा. इमेजमध्ये आयतं जे मिळतं त्यावर भिस्त ठेवू नका. पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ काढून टाकलंय, जुन्या स्क्रिप्ट तिथंच अडखळतात. २०.०४ च्या कंटेनरमध्ये बिल्ड चालवून वेळ मारून नेता येते, पण तो चार दिवसांचा टेकू समजा. त्या आवृत्तीचा नेहमीचा सुरक्षा-आधार मे २०२५ अखेर संपला.

उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमध्ये येते, आणि गिटहब साधारण दोनच आवृत्त्या पूर्ण चालू ठेवतं. नवी रुळली की सर्वांत जुनीची घटका भरत आलीच. तुम्ही २२.०४ वर असाल तर आजच मॅट्रिक्समध्ये २४.०४ जोडा. जुनी चालू आहे तोवर दोन्ही शेजारी शेजारी धावू द्या. ‘फेल-फास्ट’ बंद ठेवलंत तर नवीवर लाल फुली आली तरी ग्राहकाचं काम अडणार नाही, आणि लॉग शांतपणे वाचायला तुम्हाला सवड मिळेल.