स्प्रिंग कापणे म्हणजे कारागिरी नव्हे

आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या गोष्टीत आम्ही तोंड घालण्याचे तसे कारण नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरातच जे घडले ते पाहून गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुंबई, भिवंडी, मालेगाव, पुणे, कोठेही जा, या धंद्यात आपली पुष्कळ मुले आहेत. त्यांच्या रोजीचा हा प्रश्न आहे, म्हणून हा लेख.

आमच्या भाच्याने जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतली. दोन सीटची, टप उघडणारी, पहिल्या पिढीची गाडी. काही दिवसांतच त्याला वाटू लागले की चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट जास्त दिसते, गाडी थोडी खाली बसवावी. ही हौस वाईट नाही. वजन जमिनीच्या जवळ आले की वळणावर गाडी कमी कलते, हेही खरे. पण तो ज्या मिस्त्रीकडे गेला त्याने चारही स्प्रिंगा काढल्या, ग्राइंडरने प्रत्येकीचा एकेक वेढा उडवला आणि संध्याकाळी गाडी हातात दिली. गाडी दोन इंच खाली गेली. मजुरी थोडकी, काम एका दिवसात. भाचा खूश.

दोन महिन्यांत पुढच्या टायरांची आतली कड घासून तारा दिसू लागल्या. प्रत्येक खड्ड्यात ठणठण आवाज येऊ लागला. पंक्चरसाठी गाडी जॅकवर उचलली तेव्हा मागची स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल हलताना दिसली. मग आम्ही त्याला कुर्ल्याच्या एका जुन्या उस्तादांकडे घेऊन गेलो. त्यांनी गाडीखाली नजर टाकली आणि म्हणाले, "सेठजी, गाडी खाली नाही बसवली, गाडीचा पाय तोडलाय."

त्यांनी जे समजावले ते आमच्यासारख्या कापडवाल्यालाही पटले. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती सुमारे एकपंचमांशाने कडक होते. पण तिची दबण्याची जागा त्याहून जास्त कमी होते. म्हणून शॉकअप जरा दबला की खालच्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बम्प स्टॉपवर, आदळतो. मूळ स्प्रिंगचे टोक बैठकीत बसेल अशा आकाराचे केलेले असते, कापलेले टोक तसे बसत नाही. या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, म्हणून चाक लोंबकळले की कापलेली स्प्रिंग मोकळी होते. काही ठिकाणी तर गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. ते याहून वाईट. पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते, मग ती स्प्रिंग दिवसेंदिवस बसत जाते किंवा एखाद्या दिवशी तुटते.

टायर का खाल्ले? गाडी खाली आली की लोअर आर्म आणि स्टीअरिंगचे रॉड यांचे कोन बदलतात. चाकांचा कल आणि तोंड दोन्ही फिरते. अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर सोडली तर टायर घासणारच. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे. फार खाली नेली तर ती वळणावर कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते, कारण ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू वजनापेक्षा वेगाने खाली जातो. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचे जाते.

मग योग्य रीत कोणती? उस्तादांचा पहिला नियम असा की पंधरा ते पंचवीस मिलिमीटर, म्हणजे फार तर एक इंच. कंपन्यांचे स्वतःचे स्पोर्ट सस्पेन्शनही पुष्कळदा दहा-पंधरा मिलिमीटरच खाली असते. त्याच मॉडेलचे असे कंपनीचे सस्पेन्शन मिळाले तर सर्वांत उत्तम. नाही तर आयबाखसारख्या नावाजलेल्या कारखान्याची, त्याच मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग घ्यावी. हा कारखाना जर्मनीत १९५१ पासून चालतो. त्या देशात स्प्रिंग बदलली तर तिचे तपासणीचे कागद लागतात. आपणही ते कागद मागून घ्यावेत. शॉकअप थकलेले असतील तर त्याच वेळी बदलावेत. एक इंचापेक्षा जास्त खाली जायचे असेल तर कमी लांबीचे शॉकअप लागतात.

दुसरा नियम मापाचा. काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप चारही बाजूंनी लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण हवा आणि टायरची झीज यांनी ते माप बदलते. तिसरा नियम बुशांचा. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकांवर वजन आल्यावर, नव्या उंचीला आवळायचे. नाही तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पुष्कळ मिस्त्री इथेच चुकतात आणि दोष स्प्रिंगला देतात.

त्यानंतर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर कुठे ताणते का, चाक पूर्ण वळवल्यावर कुठे घासते का, हे पाहावे. अलाइनमेंट लगेच करावे आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की पुन्हा तपासावे. हेडलाइटचा झोतही जुळवून घ्यावा. आणि स्वतःच्या जिवाची काळजी घ्यावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. दोन्ही बाजूंनी चांगले कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा नट सोडू नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

आपल्या रस्त्यांचाही विचार हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीबोळातले ब्रेकर कोणत्या मापाचे असतात ते आपण रोज पाहतो. ज्या गाडीचे पोट मुळात जमिनीपासून बारा-तेरा सेंटीमीटरवर, ती पाच सेंटीमीटर खाली गेली तर पावसाळ्यात घरी कशी येणार?

कायद्याची बाजू गिऱ्हाइकाला आधीच सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी यांना आधी लेखी विचारावे. विमावाल्यांना न कळवता केलेला बदल नेमका अपघाताच्या वेळी आडवा येतो. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा गिऱ्हाइकाची अमानत आहेत. त्या भंगारात न घालता चिठ्ठी बांधून परत द्याव्यात, म्हणजे गाडी केव्हाही मूळ स्थितीत आणता येते.

काही बंधू म्हणतील, गिऱ्हाईक स्वस्तात मागते, आम्ही नाही म्हटले तर शेजारी करून देतो. ही अडचण आम्हालाही ठाऊक आहे. आमच्या धंद्यातही थानात वार-दीड वार कमी घालणारे असतात आणि दर पाडून माल खपवतात. पण गिऱ्हाईक एकदा घरी जाऊन माप घेते, मग त्या दुकानाची पायरी चढत नाही. शिवाय दर्जीसुद्धा कपडा आटणार हे धरून कात्री लावतो. कापलेले पुन्हा जोडता येत नाही, हे त्याला माहीत असते. मोटारीच्या स्प्रिंगवर तर दोन माणसांचा जीव बसलेला असतो.

भाच्याच्या गाडीला उस्तादांनी नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घातले आणि गाडी वीस मिलिमीटर खाली बसवली. पूर्ण काम दोन दिवस चालले. बिलावर चारही चाकांची आधीची आणि नंतरची मापे लिहून दिली. "अजून थोडी खाली करा ना," असे भाचा म्हणाला तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. त्या नकारामुळेच भाच्याचा त्यांच्यावर भरवसा बसला. त्यानंतर त्याने आपल्या तीन दोस्तांच्या गाड्या त्यांच्याकडे पाठवल्या. आधीच्या मिस्त्रीकडे एकही गेली नाही.

आपल्या तरुण मिस्त्रींना आमचे एवढेच सांगणे आहे. काम थोडे करा, पण पुरे करा, आणि जे करू नये त्याला नाही म्हणायला शिका. कापणारे हात बाजारात पुष्कळ आहेत. माप लिहून देणारा कारागीर शोधावा लागतो, आणि गिऱ्हाईक त्याला शोधत दुसऱ्या गावाहूनही येते.