आरोग्याच्या गप्पा : लघवी अडते तेव्हा मूत्राशयही बदलते



आज अशा विषयावर लिहिते, ज्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नाही. आपल्या वयाचे पुरुष रात्री चार-चारदा उठतात, लघवीला जोर करावा लागतो, धार बारीक झालेली असते. विचारलं तर म्हणतात, "वय झालं, चालायचंच." लघवी पार बंद होऊन हॉस्पिटलात आलेल्या किती आजोबांना मी कॅथेटर लावताना पाहिलं! बहुतेकांचं एकच उत्तर असे, "सिस्टर, सांगायला लाज वाटली."

ही लाज महाग पडते. का, ते सांगते.

प्रोस्टेट ग्रंथी लघवीच्या नळीभोवती असते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांची ती वाढलेली असते. ती वाढली की नळी दाबली जाते. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर लघवी मावते. पुढची वाट अरुंद झाली की ती बाहेर ढकलायला मूत्राशयाच्या स्नायूला जास्त जोर लावावा लागतो. रोज ओझी उचलणाऱ्या हमालाच्या दंडासारखा तो जाड होतो. पण मूत्राशयाला हे जाडपण मानवत नाही.

आता थोडं आतलं बघू. स्नायूच्या पेशी म्हणजे चाळीतल्या खोल्या समजा. शेजारच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बारीक खिडक्या असतात. त्या कनेक्झिन नावाच्या प्रथिनांच्या बनतात. सहा प्रथिने मिळून खिडकीचा अर्धा भाग होतो, उरलेला अर्धा शेजारची पेशी देते. त्यातून क्षार आणि बारीक रेणू इकडून तिकडे जातात, म्हणजेच निरोप जातो. हृदयाचे ठोके एका तालात पडतात, तेही अशाच खिडक्यांमुळे. मूत्राशयातलं महत्त्वाचं प्रथिन म्हणजे कनेक्झिन ४३. त्याचं वजन ४३ किलोडाल्टन, म्हणून हे नाव.

प्रयोगशाळेत उंदरांच्या लघवीच्या वाटेत अडथळा आणला, तेव्हा मूत्राशयात हे प्रथिन वाढलेलं आढळलं. खिडक्या वाढल्या तर काय होणार? एका खोलीतली कुजबुज सगळ्या चाळीत पसरणार! मूत्राशय भरायच्या आधीच स्नायू आकसतो आणि माणूस संडासाकडे धावतो. २०१२ साली जपानमधल्या क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की हे प्रथिन शरीराच्या घड्याळाप्रमाणे कमीजास्त होतं. झोपेच्या वेळी ते कमी असतं, म्हणून तेव्हा मूत्राशयात जास्त लघवी मावते.

अर्थात सगळा दोष ह्या एका प्रथिनाचा नाही. अडथळा लांबला की मज्जातंतू कमी होतात, स्नायूत चिवट तंतू साठतात. म्हणून ऑपरेशन करून वाट मोकळी केली तरी काहींची घाई लगेच जात नाही, काहींची तर कायमची राहते. डॉक्टरांचं काही चुकलेलं नसतं, मूत्राशयच बदललेलं असतं. कनेक्झिनवर नेमकं काम करणारं लघवीचं औषध अजून बाजारात नाही. तेव्हा वेळेवर जाणं हाच उपाय.

मग करायचं काय? धार बारीक झाली, थेंब थेंब होतं, पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, तर कुपत खोलीममधल्या आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लघवी करून आल्यावर आत किती उरली, ते सोनोग्राफीत दुखल्याखुपल्याशिवाय कळतं. नळीचा ताण सैल करणाऱ्या गोळ्या आहेत, ग्रंथी लहान करणाऱ्याही आहेत. ह्या दुसऱ्या गोळ्यांना काही महिने लागतात, मध्येच सोडू नका. शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, त्या विचारून घ्या. पाणी पार बंद करू नका, फक्त रात्री झोपण्याआधी कमी प्या. आणि पोट फुगून लघवी अजिबात होईना, तर सकाळची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा.

बायकांनो, तुमचे यजमान रात्री किती वेळा उठतात ते तुम्हांलाच ठाऊक. ते बोलत नसतील तर डॉक्टरांपुढे तुम्ही बोला.

तब्येतीला जपा. पुढच्या अंकी भेटूच.