वस्तीचे नाव बदलले, पाटी कोण लावणार?

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे ठरले. निर्णय स्वागतार्हच होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्या मराठवाड्याने किंमत मोजली, त्याला नावाचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु नाव बदलणे वेगळे आणि त्या नावाने वस्ती सापडणे वेगळे. हा फरक मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला कळतो.

बीड जिल्ह्यातील एका गावी आम्ही एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होतो. रात्री त्याच्या आईच्या छातीत कळ आली. पोराने फोन लावला. तालुका सांगितला, गाव सांगितले, वस्ती सांगितली: भीमनगर. गाडी गावात वेळेवर आली. वेशीजवळ चालकाने पारावर झोपलेल्या माणसाला उठवून भीमनगर विचारले. त्याला माहीत नव्हते. पलीकडच्या गावात एक भीमनगर आहे, एवढेच त्याने ऐकले होते. गाडी तिकडे गेली. शेवटी पोराने चालकाला फोन करून वस्तीचे जुने नाव सांगितले, तेव्हा गाडी परत फिरून दारात आली. पाऊण तास गेला. म्हातारी वाचली, हे तिचे नशीब नव्हे, तिची चिवट प्रकृती. चालकाचा दोष नव्हता. त्या वस्तीला पाटीच नव्हती.

ज्या नावाला आपल्या बापजाद्यांनी १९५६ साली मूठमाती दिली, तेच नाव आईचा जीव वाचवण्यासाठी लेकाला स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागले. यापेक्षा मोठा अपमान कोणता?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत नोंदवली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ साली गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. बायको बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर आला, पण वस्तीत शिरायचे नाही या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने बायकोच्या. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरला वस्ती कुठे आहे हे नीट ठाऊक होते. त्याला यायचे नव्हते. आजच्या रुग्णवाहिकेला यायचे आहे, पण वस्ती कुठे आहे हे तिला कोणी सांगितलेले नाही. मेलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत काय फरक?

१०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका आणि सगळ्या राज्याचे फोन घेणारा पुण्यातील नियंत्रण कक्ष, अशी तिची रचना होती. आता विचार करा. घाबरलेला माणूस फोनवर नुसते 'आष्टी' म्हणतो. आष्टी बीडमध्ये आहे, वर्ध्यात आहे, जालन्यात आहे, गडचिरोलीतही आहे. 'शिरूर' म्हणावे, तर बीडचे शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ की पुण्याचे शिरूर? म्हणून तिथला माणूस आधी जिल्हा विचारतो, मग तालुका, मग गाव, मग खूण. गावापर्यंत ही साखळी बरोबर येते. खुणेपाशी तुटते. कारण खूण म्हणजे मंदिर, पार, चावडी, म्हणजे गावाच्या आतले. वस्ती गावाबाहेर, आणि तिची खूण गावाच्या तोंडी जातच.

गायरानावर राहणाऱ्यांचे तर विचारूच नका. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली, पण ती गावठाणांची. ज्यांना गावठाणात कधी जागाच मिळाली नाही, त्यांच्या घरांना क्रमांक कोण देणार? मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' आणला. देशाच्या दर चार मीटर बाय चार मीटर जागेला दहा अक्षर-अंकांचा कोड मिळाला. यंत्राने जात विचारली नाही, हे चांगलेच. पण तो कोड काढून घराच्या चौकटीवर लिहायला माणूसच लागतो.

आणि आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार? दिवाळीच्या सुमारास तो बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो आणि फडाजवळ कोपी घालून राहतो. कोणत्या गट नंबरातला ऊस कधी तोडायचा, हे कारखान्याच्या नोंदवहीत असते, चिटबॉयला माहीत असते, मुकादमाला माहीत असते. कोपीत कळा देणाऱ्या बाईच्या नवऱ्याला मात्र आपण कोणत्या गावच्या शिवारात आहोत हेही धड सांगता येत नाही. उसाला पत्ता आहे, ऊस तोडणाऱ्याला नाही!

हा दयेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. १९९२ साली रेल्वेतून पडून जखमी झालेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. त्या प्रकरणात, पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की तातडीचे उपचार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था करा, असेही न्यायालयाने बजावले. मग रुग्णवाहिकेला वस्ती सापडेल अशी व्यवस्था करणे हे त्याच कर्तव्यात येत नाही काय?

म्हणून आम्ही समाजबांधवांना सांगू इच्छितो, निवेदनांवर थांबू नका. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. वस्तीचे नवे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, तलाठ्याकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईच्या वहीत चढले की नाही, ते लेखी विचारा. फाट्यावर, वेशीवर आणि वस्तीच्या तोंडाशी बाणासह पाटी मागा; पाटीवर वस्तीबरोबर गावाचे नाव हवेच, कारण भीमनगरे गावोगाव आहेत. पैसे नाहीत असे सरपंच म्हणाले, तर ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के कुठे गेले, ते विचारा. आणि पाटी लागेपर्यंत वस्तीतल्या दोन पोरांनी एवढे ठरवावे की फोन गेला की एकाने मोटारसायकल काढून फाट्यावर जाऊन उभे राहायचे.

१४ एप्रिलला आपण कमानी उभारतो, रोषणाई करतो. यंदा त्या वर्गणीतून एक लोखंडी पाटीही करा, रात्री गाडीच्या उजेडात चमकेल अशी. कमान दुसऱ्या दिवशी उतरते. पाटी राहील, आणि पुढच्या वेळी आपल्या आईसाठी जुने नाव कोणाला घ्यावे लागणार नाही.