विश्लेषण : कॅनडाचा ‘स्टडी परमिट’ नेमका कुठे अडकतो?

कॅनडातील कॉलेजचे ऑफर लेटर हाती आले की निम्मे काम झाले, असा अनेक घरांत समज असतो. अर्ज रखडतो तो त्यानंतर, आणि बऱ्याचदा टाळता येण्याजोग्या कारणांनी.

जलद मार्ग का उरला नाही?

भारतीयांसाठी सोयीची ठरलेली ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ योजना कॅनडाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद केली. त्यातील बहुतेक अर्ज २० दिवसांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट असे. आता सर्वांना एकच रांग आहे. तिचा वेग अर्जदाराच्या हातात नाही. अर्ज परिपूर्ण देणे मात्र आहे.

प्रांताचे पत्र कोणाला लागते?

जानेवारी २०२४ मध्ये परमिटच्या संख्येवर मर्यादा आली आणि बहुतेक अर्जांना प्रांताचे साक्षांकन पत्र, म्हणजे ‘पाल’, सक्तीचे झाले. ते शिक्षणसंस्थेमार्फत मिळते. आवश्यक असूनही ते जोडले नाही, तर अर्ज न तपासताच परत येतो. सरकारी संस्थांतील मास्टर्स व पीएचडीच्या विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२६ पासून यातून सूट आहे. क्युबेकचे नियम वेगळे असून तिथे प्रांताचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते.

पैशांच्या पुराव्यात काय चुकते?

१ सप्टेंबर २०२५ पासून क्युबेकबाहेर शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी वर्षाला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. शिक्षणशुल्क आणि प्रवासखर्च वेगळा. जुना २०,६३५चा आकडा धरून तयारी केली, तर रक्कम कमी पडते. खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली याचा कागद जोडावा. सातबारा किंवा पतसंस्थेचे पासबुक मराठीत असल्यास इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर हवे. घरच्यांनी केलेले भाषांतर चालत नाही.

अर्ज भरल्यावर काय करावे?

बायोमेट्रिक्सचे पत्र येताच अपॉइंटमेंट घ्यावी. त्यासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. वैद्यकीय तपासणी कॅनडाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे अर्जाआधीच करून घेता येते. ऑफर लेटर खरे असल्याची खात्री कॅनडा सरकार थेट संस्थेकडून करून घेते. तिने १० दिवसांत उत्तर दिले नाही, तर अर्ज परत येतो. त्यामुळे अर्ज केल्याचे संस्थेला लगेच कळवावे.

सत्रात हजर होण्याची शेवटची तारीखही आधीच विचारून ठेवावी. प्रवेश पुढच्या सत्रात ढकलावा लागल्यास प्रांताचे पत्र नव्याने घ्यावे लागू शकते.