परसबाग : परदेशी झुडपें

परदेशी फुलझाड घरीं आणतांना त्याच्या रूपाआधीं स्वभाव पाहावा, असें आमचें मत आहे. खापरखेड्याचा उन्हाळा कडक, आणि वीजकेंद्राच्या शेजारामुळें पानांवर राख बसावयाची. अशा ठिकाणीं ब्राझीलची बोगनवेल उत्तम. १७६६ ते १७६९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारे फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील यांचें नांव तिला मिळालें. तिचा रंग फुलांचा नसून भोंवतींच्या पानांचा. खरीं फुलें इवलीं, पांढुरकीं. काळ्या मातींत मुरूम मिसळून पाण्यास वाट द्यावी. मूळ धरल्यावर पाणी बेतानेंच घालावें. अति पाण्यानें नुसतीं पानेंच माजतात. राख मात्र अधूनमधून धुवावी.

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हीहि अमेरिकेंतलीच. पूजेंत ती इतकी रुळली कीं तिचें परकेपण कोणास आठवत नाहीं. परंतु ती सर्वांगीं विषारी आहे. तिची बी हृदयाची गति बिघडवून प्राणहि घेते. मुलें तर त्याच बियांनीं खेळतात! म्हणून लेंकुरवाळ्या घरीं ती कुंपणासहि नको. बी पोटांत गेल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. शंकरास बेलाचें पान पुरतें.